१७५ / ६५ आर १४

हा साइज आता फारसा कुणी मागत नाही.
सगळ्यात वरच्या फळीवरून, शिडी लावून काढायचा,
बोटभर धूळ.
बाहेर ईरी शहराची नोव्हेंबरातली दुपार,
सरोवरावरचा वारा शटरखालून आत शिरून
बिलांची चवड चाळतोय.

लोरेन कुझनिक. नर्सिंग होमचा जांभळा सदरा,
त्यावर कुणा पुरुषाचं जाकीट.
मुठीतून एक सेंटचं नाणं काउंटरवर ठेवते.
"मी बघितलं. खाचेत उलटं खुपसलं
तर दाढीवाल्याचं अख्खं कपाळ दिसतंय."
म्हटलं, म्हणजे टायरला टक्कल पडलंय.
ती हसली नाही. बरोबरच आहे.
हा विनोद मी सव्वीस वर्षं करतोय.

गाडी दोन हजार नऊची, रंगाला निळा म्हणायचं,
एका चाकाची झाकणी गायब,
डिकीत वजनासाठी मांजराच्या मातीच्या दोन गोण्या.

तीन टायर समोर मांडले.
सगळ्यात महागाच्या बाजूवर तीन शिखरं
आणि त्यांच्या आत कोरलेला हिमकण.
तिनं त्यावरून अंगठा फिरवला,
"बर्फात चालतं, की नुसतं चित्र?"
चालतं. पण खरं सांगू का,
बारमाही म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.
जानेवारीत हिवाळी टायरची सर नाही,
जुलैत उन्हाळीची नाही.
(डेल, मालक, आतून खाकरला.)
"आणि मार्चमध्ये?"
मार्चमध्ये यांच्यासारखे हेच.

तिनं पेन मागितलं.
हमी पासष्ट हजार मैल. घर ते काम, काम ते घर, अठ्ठावीस.
आठवड्याचे पाच दिवस.
बिलाच्या पाठीवर भागाकार करत खाली आली:
नऊ वर्षं.
"गाडी तेवढी जगणार नाही," ती म्हणाली,
"मग मी पैसे कशाचे भरतेय?
दोनच द्या. पुढचे. ओढतात तर पुढचेच."

हे सगळेच म्हणतात.
दोन घेतलेत तर मागे बसवीन, म्हटलं.
पुढचं सुटलं तर गाडी सरळ जाते, निदान दिसतं कुठे आपटणार.
मागचं सुटलं की
तुमचं तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे.
मी गाडी वर उचलली, टॉर्च मारला,
आणि जे कुणालाही सांगितलं असतं तेच सांगितलं:
उजवीकडे लावताना फुटपाथला घासता तुम्ही,
कड पार सोललीय.
"मी घासत नाही," ती म्हणाली.
"आमच्याकडे फुटपाथच नाही."

मग तीच वाकली, काचेवरचं ऑइलचं स्टिकर वाचलं,
ऑगस्टमधलं,
मग मैलांचा आकडा,
मग परत स्टिकर.
चार हजार सहाशे.
पेन अजून हातात होतं. चौदा आठवडे गुणिले एकशेचाळीस.
दोन हजारसुद्धा होत नव्हते.

मागच्या सीटवर एक केसांचं रबर होतं, हिरवं.
ते उचलून तिनं मनगटात घातलं.
"ट्रेसा म्हणते, लायब्ररी,"
कुणाला तरी, मला नव्हे.
"रात्री अकरापर्यंत उघडी असते म्हणे."

मी नटांशी खेळत राहिलो.
एकोणीस वर्षांची असेल, किंवा सतरा. विचारलं नाही.
जुन्या डाव्या टायरात एक स्क्रू रुतलेला सापडला,
डोकं झिजून चकचकीत.
किती महिने तोच हवा धरून बसला होता.
ओढला तेव्हा कुठे सुस्कारा सुटला.

"चारही बदला," ती म्हणाली. "ते डोंगरवाले."
निम्मे या कार्डावर, निम्मे त्या,
दुसरं कार्ड दोनदा घासावं लागलं.

चार तळहात. गाडी रस्त्याला टेकते ती एवढीच,
बाकी सगळी हवेवर.
हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, तिला नाही सांगितलं.

निघताना खिडकी खाली करून म्हणाली,
"बिलावर मैल लिहू नका."

लिहिले नाहीत.
संध्याकाळी डेलनं विचारलं, हा रकाना कोरा का?
म्हटलं, काच धुरकट होती,
वाचता आले नाहीत.